गाणं उदास की बेल्ट ढिला?

प्रश्न: माझ्याकडे सव्वादोनशे कॅसेट, साठेक एलपी आणि थोड्या सीडी आहेत. बहुतेक सगळं रॉक. त्यातल्या निवडक ५० गाण्यांवर, गाण्यामागे एक पान, असं लिहून मुलीला द्यायचं मनात आहे. सहा गाणी झाली आणि गाडी अडली. सगळीकडे तेच: 'अप्रतिम गिटार', 'अंगावर काटा', 'कॉलेजचे मंतरलेले दिवस'. नाव झाकलं तर कुठलं पान कुठल्या गाण्याचं हे मलाही सांगता येणार नाही. दुसरं, 'हॉटेल कॅलिफोर्निया' माझ्या कॅसेटवर जितकं उदास वाटतं तितकं फोनवर वाटत नाही. मग कशावर ऐकून लिहू? तिसरं, काही गाण्यांचे शब्द मी तीस वर्षं चुकीचे ऐकत होतो, हे आता कळलंय. ते लिहावं की झाकावं?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

कॅसेटवर गाणं उदास वाटण्याचं कारण तुमचं मन असू शकतं. पण मनाकडे जाण्याआधी डेक तपासा. कॅसेटची फीत हेडवरून (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. हा वेग मोटरकडून फ्लायव्हीलपर्यंत, म्हणजे फीत एका वेगाने ओढणाऱ्या जड चाकापर्यंत, पोचतो तो बहुतेक डेकमध्ये रबरी बेल्टने. बेल्ट वर्षानुवर्षांत सैल पडतो, घसरतो, आणि फीत रेंगाळते. फीत रेंगाळली की नुसती लय उतरत नाही, सूरही उतरतो. वेग सहा टक्क्यांनी कमी झाला तर अख्खं गाणं जवळपास अर्धा स्वर खाली येतं. 'हॉटेल कॅलिफोर्निया' आधी ई मायनरमध्ये बेतलं होतं. ईगल्स बँडचा गायक डॉन हेन्ली, त्याच्या गळ्याला ते चढं पडलं म्हणून बी मायनरमध्ये आणलं. पेटीवर सांगायचं तर पांढरी सात. गायकासाठी एकदा बदललेली पट्टी तुमचा बेल्ट पुन्हा बदलून काळी पाचवर आणत असेल, तर उदास वाटणारच.

हे मोजता येतं. गाण्याच्या एकूण लांबीवर जाऊ नका, कारण शेवट हळूहळू विरत जातो आणि तो नेमका कधी संपला यावर एकमत होत नाही. गिटारचा पहिला स्वर वाजला की स्टॉपवॉच सुरू करा आणि शब्द संपल्यावर जो लांब सोलो सुरू होतो त्याच्या पहिल्या स्वराला थांबवा. हेच सीडीवर किंवा फोनवर करा. समजा तिथे २६० सेकंद आले आणि कॅसेटवर २७६, तर २७६ भागिले २६० म्हणजे साधारण १.०६. तो झाला तुमचा अर्धा स्वर. २६२-२६३ आले तर फरक एक टक्का; तेवढ्यावर उदासीचं खापर फोडू नका.

वेग कमी निघाला तरी दोष डेकचाच असेल असं नाही. त्याच डेकवर कंपनीची छापील, दुसऱ्या बँडची कॅसेट लावा आणि तिथलं एखादं गाणं याच पद्धतीने मोजा. तीही रेंगाळली तर डेक दोषी. ती बरोबर चालली आणि तुमची घरी भरलेली कॅसेटच मंद असेल, तर ती ज्या यंत्रावर भरली गेली ते यंत्र तेव्हा जोरात धावत होतं. म्हणजे ती उदासी फितीवरच कोरली गेली आहे. डेक दुरुस्त करून जाणार नाही.

वेग ठीक निघाला तर उदास म्हणजे 'मंद' नसून 'मळकट' असेल. झांजा आणि हाय-हॅटची चमक गेली की गाणं ढगाळ वाटतं. आधी हेड आणि कॅप्स्टन, म्हणजे फीत ओढणारा बारीक दांडा, कानकोरणीच्या कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा; ९० टक्क्यांहून वरचं घ्या, औषधी पातळ नको. रबरी रोलरला मात्र ते वारंवार लावू नका, रबर कोरडं पडून कडक होतं. ओलसर कापड पुरे. मग डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण बघा. डॉल्बीशिवाय भरलेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवून लावली तर आवाज दबतो. डॉल्बी बी वर भरलेली बंद ठेवून लावली तर उलट किणकिणतो. तरी मळकट असेल तर हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, हललेला असतो. हेडच्या शेजारी एक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा पेनने खूण करून ठेवा, गाणं चालू असताना अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आतच, इकडेतिकडे करा आणि झांजा जिथे सगळ्यात स्वच्छ होतील तिथे सोडा. स्क्रू-ड्रायव्हर चुंबक लावलेला नसावा. या एका स्क्रूपायी लोकांनी चांगल्या कॅसेट 'खराब झाल्या' म्हणून फेकल्या आहेत.

आता मुद्दा. समजा निघालं सहा टक्के. मग 'खरं' गाणं फोनवरचं आणि तुमचं खोटं? अजिबात नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्याच्यावर जीव लावला ते अर्धा स्वर उतरलेलं गाणं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नाही. पान तिथून सुरू करा: किती सेकंद निघाले, कुठल्या डेकवर, कॅसेट कुणी भरली होती. तुमची सहा पानं एकसारखी झाली कारण तुम्ही 'त्या गाण्याबद्दल' लिहिलंत. ते गाणं लाखो लोकांकडे आहे. तुमच्या कपाटात त्याची एक प्रत आहे, तिच्याबद्दल लिहा. म्हणून कशावर ऐकायचं याचं उत्तर: लिहायचं तुमच्या प्रतीवरून, तपासायचं दुसऱ्या प्रतीवरून.

एलपीलाही हीच शिस्त. बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायकाचा 'स' चिरका येतो, तो बहुधा गायकाचा दोष नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण जाते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत तेच बारकावे कोंबलेले असतात. सुई झिजलेली असेल तर ते आणखी फाटतात. आणि दोष कुणाचा हे ठरवताना घाई नको. लेड झेपलिनच्या 'व्होल लोटा लव्ह'मध्ये (१९६९) शेवटाकडे वाद्यं थांबतात आणि गायक रॉबर्ट प्लँटची ओळ यायच्या आधीच तीच ओळ लांबून, भुतासारखी ऐकू येते. फितीचे थर एकमेकांवर गुंडाळले गेल्याने शेजारच्या थरावरचा आवाज झिरपतो, तसाच हा प्रकार असावा असं वाटून लोक आपली कॅसेट बदलत बसतात. हे भूत मूळ ध्वनिमुद्रणातच आहे: दुसऱ्या ट्रॅकवरून झिरपलेला आवाज पुसता येईना, म्हणून त्यावर एको चढवून तो तसाच ठेवला गेला.

आता पहिल्या प्रश्नाचं प्रत्यक्ष काम.

गाणं लावण्याआधी दहा मिनिटं आठवणीतून लिहा. पहिला आवाज कुठला? ड्रम कधी येतात? गाणं किती मिनिटांचं? कुठले शब्द पाठ आहेत? अंदाज आकड्यात लिहा, 'बऱ्याच वेळाने' असं नको. कागद उलटा ठेवा. मग लावा. स्मृती आणि ध्वनिमुद्रण यांत जिथे फट पडते तिथे पानभर मजकूर दडलेला असतो. 'स्टेअरवे टू हेवन' (१९७१) जोरदार ड्रमचं गाणं म्हणून लक्षात राहतं. आठ मिनिटांच्या त्या गाण्यात ड्रम चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात. फिल कॉलिन्सच्या 'इन दि एअर टुनाइट'मधला (१९८१) तो प्रसिद्ध ड्रमचा कोसळता तुकडा साडेतीन मिनिटांनंतरचा आहे. पण तुमच्याकडे सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची तबकडी, असेल तर जपून: सिंगलसाठी आधीच्या भागातही जादा ड्रम मिसळले गेले होते. म्हणजे 'ड्रम आधीपासून होते' ही तुमची आठवण चुकीची नसेल, प्रतच वेगळी असेल.

पहिल्यांदा ऐकताना पेन हातात नको. दुसऱ्यांदा पानावर उभी रेघ मारा. डावीकडे वेळ, उजवीकडे काय घडलं. एक बंधन: उजव्या रकान्यात विशेषण चालणार नाही. '१:१२, बेस थांबतो', '२:४०, दुसरी गिटार डावीकडून', असं. 'सुंदर', 'भन्नाट' खोडा. कंटाळवाणं वाटेल, पण 'अप्रतिम गिटार' इथेच मरतं, कारण गिटार नेमकी काय करते हे लिहावं लागतं.

तिसऱ्यांदा एकच वाद्य धरा. शक्यतो बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, कारण तो सगळ्यात कमी ऐकलेला असतो. फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, हेडफोन लागेल. जुन्या ॲम्प्लिफायरला बॅलन्सचं बटण असेल तर पूर्ण डावीकडे फिरवून ऐका, मग पूर्ण उजवीकडे. बीटल्सच्या १९६०च्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ मिक्समध्ये वाद्यं एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूला लोटलेले आहेत. बटण फिरवलं की गायक खोलीतून निघून जातात आणि ठेका तेवढा उरतो. असं ऐकून लिहिलेलं वाक्य कधीच 'मस्त वाटलं' पाशी थांबत नाही.

मात्रा मोजता आल्या तर फारच उत्तम, आणि आपल्याकडे त्याची सवय असते. पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) लावा. नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजांनी ठेका सुरू होतो. तो सात मात्रांचा आहे. पण त्यात रूपक तालाचे खंड शोधू नका, सरळ सात मोजा आणि प्रत्येक मात्रेला पाय आळीपाळीने आपटा: डावा, उजवा, डावा. सात विषम असल्याने पहिली मात्रा एकदा डाव्या पायावर येते, पुढच्या आवर्तनात उजव्यावर. सॅक्सोफोनचा सोलो याच डगमगीत चालतो. मग गिटारचा सोलो येतो आणि ठेका चारचा होतो. पहिली मात्रा आता दरवेळी त्याच पायावर. इतका वेळ घसरत्या वाळूवर उभा असलेला माणूस पक्क्या रस्त्यावर येतो आणि गिटार सुसाट सुटते. पुढे पुन्हा सात. तुम्हाला तो सोलो 'मोकळा' का वाटत आला, याचं उत्तर तुमच्या पायांनी दिलं. पानावर तेच लिहा.

आता तुमच्या पद्धतीचं वाक्य आणि दुरुस्त केलेलं वाक्य शेजारी ठेवू. रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर', १९६९. पहिला खर्डा असा निघेल: 'मेरी क्लेटनचा आवाज केवळ अप्रतिम, अंगावर काटा येतो.' वरचा रकाना भरल्यावर असा: 'तीन मिनिटांच्या आगेमागे ती तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते, दरवेळी आणखी जोराने. एका फेरीत वरच्या टोकाला आवाज चिरतो. पुढच्या फेरीत आणखी चिरतो, आणि मागे कुणीतरी, दाद दिल्यावाचून राहवत नाही तसं, ओरडतं. चिरलेला आवाज ठेवला आणि ती ओरडही ठेवली.' इथे एकही कौतुकाचा शब्द नाही. काटा वाचणाऱ्याच्या अंगावर येऊ दे. तुमच्या आला होता ही बातमी त्याला पुरत नाही.

'कॉलेजचे दिवस' टाळा असं मी म्हणणार नाही. ते धूसर ठेवू नका, इतकंच. इनले कार्डावरचं अक्षर कुणाचं आहे? शाई फिकट कुठे झाली? ए बाजू संपताना कुठलं गाणं मध्येच तुटलं आणि बी बाजूवर कुठून सुरू झालं? सी-६० मध्ये बाजूला ३० मिनिटं, सी-९० मध्ये ४५. त्या हिशेबात कुठल्या गाण्याला कात्री लागली? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: हे गाणं संपल्यावर, पुढचं वाजायच्या आधीच, तुमच्या कानात कुठलं सुरू होतं? ते जर अल्बममधलं पुढचं गाणं नसेल, कॅसेट भरणाऱ्याने निवडलेलं असेल, तर त्या जोडीवर एक अख्खं पान होतं. मुलगी फोनवर ऐकते तिथे ती दोन गाणी शेजारी भेटणारच नाहीत.

प्रत ओळखायची कशी, हेही थोडक्यात. एलपीवर शेवटच्या खोबणीनंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिथे कोरलेला किंवा ठोकलेला आकडा असतो, त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. दिवा तिरका धरला की दिसतो. कव्हर अदलाबदल होऊ शकतं, हा आकडा होत नाही. तोच वहीत उतरवा. कव्हरवर वर्तुळातलं पी आणि वर्तुळातलं सी अशी दोन सालं दिसतील: पी ध्वनिमुद्रणाचं, सी चित्र-मजकुराचं. 'सर्वोत्तम गाणी' छापाच्या संग्रहांवर बारीक अक्षरं वाचा. कधी तोच गायक असतो, पण गाणं नंतर पुन्हा गाऊन भरलेलं असतं.

हा किस काढायचं कारण असं की आवृत्तीनुसार गाणं खरोखर बदलतं. डोअर्सचं 'लाइट माय फायर' (१९६७) अल्बमवर सात मिनिटांच्या आसपास आहे. सिंगलवर ऑर्गन आणि गिटारचे सोलो कापून ते तीन मिनिटांच्या आत बसवलं. बीटल्सचं 'हेल्टर स्केल्टर' (१९६८) स्टिरिओत साडेचार मिनिटांचं आणि शेवटी ड्रमर रिंगोची बोटांना फोड आल्याची आरोळी. मोनोत, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेल्या मिक्समध्ये, ते पाऊण मिनिटाहून अधिक लहान आणि आरोळी गायब. तुम्ही 'शेवटची ती आरोळी' म्हणून लिहाल आणि दुसऱ्या कुणाच्या प्रतीत ती नसेलच.

चुकीच्या शब्दांबद्दल: लिहा, आणि वर लिहा. या प्रकाराला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' असं नाव आहे. १९५४ साली सिल्विया राइट यांनी ते दिलं, स्वतः लहानपणी चुकीच्या ऐकलेल्या ओळीवरून. जिमी हेंड्रिक्सच्या 'पर्पल हेझ'मधलं आकाशाचं चुंबन इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही 'या माणसाचं चुंबन' असं ऐकू आलं. तुम्हा-आम्हाला तर गाणी आधी आवाज म्हणून भेटली, अर्थ मागून आला. तेव्हा दोन्ही लिहा: काय ऐकत होतात, त्याचा कोणता अर्थ लावलात, आणि खरं काय निघालं. कुठल्या स्वरामुळे किंवा कुठल्या झांजेखाली शब्द दबल्यामुळे घोटाळा झाला, तेही वर सांगितलेल्या रकान्यात सापडेल. गाण्याचे पूर्ण शब्द मात्र उतरवू नका; एखादी ओळ पुरे. आणि ओळीचं शब्दशः भाषांतर कधीच नको, ते हमखास पडतं. ओळ काय म्हणते ते तुमच्या बोलीत सांगा.

ऐकीव किस्से गाळा. 'इन दि एअर टुनाइट' बुडणाऱ्या माणसाकडे बघत राहिलेल्या कुणाबद्दल आहे, ही गोष्ट अजून फिरते; फिल कॉलिन्सने ती नाकारली आहे. खरे किस्सेही जपून वापरा. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'मागची गोष्ट खरी आहे: ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो, फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना लागलेली आग, सरोवरावर पसरलेला धूर. पण ती गाण्यातच सांगितलेली आहे. तिला दोन ओळींपेक्षा जास्त दिल्या की पान डीप पर्पलचं होतं, तुमचं राहत नाही.

शेवटी ५० चा आकडा. तो सोडा. आधी बारा करा. गाजलेली निवडू नका. कपाटासमोर उभं राहून ज्या कॅसेटचं प्लास्टिक सगळ्यात जास्त घासलंय, जिचं कव्हर हरवलंय, जी कुणाची तरी परत करायची राहिली, त्या काढा. त्यांत एक गाणं असं हवं जे तेव्हा आवडायचं आणि आता आवडत नाही. का उतरलं, हे लिहिताना 'मंतरलेले दिवस' मदतीला येत नाहीत, त्यामुळे ते पान बहुधा सगळ्यात चांगलं उतरेल. लिहिलेल्या सहा पानांपैकी एकही फाडू नका. प्रत्येकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने आखा आणि त्याच गाण्याला पुन्हा बसा.

आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची ती कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी दोन गोष्टी. फीत उघडी दिसते त्या कडेला मधोमध, फितीमागची छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का बघा; जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुटतो आणि आवाज येतो-जातो. मग वरच्या कडेचे दोन्ही कोपरे बघा. तिथल्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या शाबूत असतील तर दोन्ही तोडा. स्टॉपवॉच, वही, पेन आणि बटणं एकाच वेळी सांभाळताना चुकून रेकॉर्ड दाबलं, तर मोजायला काही उरणार नाही.